माकोखानं एका दमात सोडली

केनियात, आमच्या किसुमूत, पांढऱ्या रंगाचे एकेचाळीस प्रकार विकले जातात आणि ते सगळे मी रस्त्याच्या पलीकडून ओळखतो. ही बढाई नाही. बढाई मारायची असती तर पिवळ्याबद्दल बोललो असतो. दुकानात रंग जुळवायचं मशीन आलं तेव्हा मालकानं मशीनची आणि माझी शर्यत लावली होती. गिऱ्हाइकानं भिंतीचा टवका आणून द्यायचा, मशीननं तो पोटात घेऊन विचार करायचा आणि मी नुसतं बघायचं. मशीन हरलं. आता त्याच्यावर ब्रशचे गठ्ठे ठेवतात. तर शुक्रवारी सकाळी चर्चच्या महिला मंडळाची एक भारदस्त बाई आली, सभागृहाला पिवळा हवा म्हणाली. मी तिच्यापुढे पिवळ्याची अख्खी पट्टी उलगडली. लोणी, मका, पपई, सूर्यफूल. बाईला एकही पटेना. हा फार चेकाळलेला आहे, हा लग्नाच्या मांडवासारखा दिसतो, ह्यात देव बसणार नाही, असं तिचं चाललं होतं. मग तिनं मान वर केली, माझ्याकडे बघितलं, चष्मा पुसला, परत बघितलं आणि बोट माझ्या डोळ्यापाशी आणून म्हणाली, "हा. हा दे."

"कुठला, बाई?"

"तुझ्या डोळ्यातला. पांढरं असतं ना, तिथला. शांत आहे बघ कसा."

मालक हसला. मीही हसलो. मग बाहेर उभ्या असलेल्या मोटरसायकलीच्या आरशात एक डोळा फाकून बघत बघत मी तो रंग जुळवला. पाच लिटरचे चार डबे. अर्ध्या तासात असा जुळला की बाईनं रंगात बुडवलेली काडी माझ्या गालाशी धरून बघितली आणि आमेन म्हणाली. माझा हात जराही कापला नाही, कारण सकाळचा घोट मी घेतलेला होता. मागच्या खोलीत थिनरच्या डब्याशेजारी दुसरा डबा असतो. थिनरच्या वासापुढे कुठलाच वास टिकत नाही, हे आमच्या धंद्यातलं सुख. बाई गेल्यावर मी हात धुतले आणि विचार करत बसलो की हे मला आधी कुणी कसं सांगितलं नाही. पण माझ्या डोळ्यात बघणार कोण? बायको गावाला, सियायाकडे. मी महिन्याअखेरीला जातो, अंधार पडल्यावर पोचतो आणि उजाडताना निघतो. ती माझ्या पिशवीत बघते, मुलं बुटांकडे बघतात. आणि माकोखा, ज्यानं बघायचं, तो गेली नऊ वर्षं माझ्याशी टीव्हीकडे तोंड करून बोलतो. बारमधल्या आमच्या टेबलावर सगळेच तसं बोलतात. भरल्या बारमध्ये एका पुरुषानं दुसऱ्या पुरुषाकडे मोजून तीन सेकंद बघायचं असतं. चौथ्या सेकंदाला शेजारचं टेबल वळून बघतं.

दुपारच्या सुट्टीत मी हिरव्या गेटच्या घरात गेलो. त्या घरावर पाटी नाही. आमच्यासारखे लोक तिथे रक्त तपासायला, गोळ्या घ्यायला जातात आणि सगळे तिथे खोट्या नावानं असतात. मी सॅमसन आहे. माकोखानं स्वतःचं नाव बिशप ठेवलंय. तिथली डॉक्टरीण चेबेट वयानं लहान, पण बोलायला सासूसारखी. तिच्यापुढे आम्ही काही लपवत नाही. कुणाबरोबर, कितीदा, कसं, काय वापरलं, सगळं भाजीच्या भावासारखं सांगतो. तसं सांगायला तिनंच शिकवलंय. अंथरुणाचं विचारून झालं की ती पान उलटते आणि विचारते, "पितोस किती?" त्या दिवशीही विचारलं आणि मी म्हणालो, "दोन."

चेबेटनं पेन ठेवलं. उठून लोखंडी कपाट उघडलं. "या कपाटात दोनशे बारा पुरुष आहेत," ती म्हणाली. "सगळे दोन पितात. मग या गावातली बाकीची बिअर कोण पितं रे, सॅमसन? तळ्यातले पाणघोडे?"

मी म्हणालो, सणासुदीला तीन होतात. तिनं मला आडवं केलं, फासळीच्या खाली उजवीकडे बोटं दाबली, तिथे काहीतरी दगडासारखं होतं आणि ते माझंच होतं. मग खालची पापणी ओढली, रक्त घेतलं, खुर्ची माझ्या खुर्चीजवळ ओढून बसली. म्हणाली, लिव्हर हात वर करतंय. अजून टेकलेले नाहीत, पण वर केलेत. सोडावी लागेल. "पण ऐक, आज ऐकलं आणि आज बंद, असला शूरपणा करायचा नाही. जो रोज इतकी पितो त्यानं एकदम थांबवली तर अंगाला कंप सुटतो, फिट येते, माणूस जातो. सोमवारी ये. मी गोळ्या देते, आपण हळूहळू उतरवू. तोवर रोज थोडी कमी. आणि बरोबर कुणाला तरी आण, रात्री तुझ्याकडे बघायला. बिशपला आण. तो किती पितो?"

"दोन," मी म्हणालो.

बाहेर आलो तर ऊन लाह्या फुटण्यासारखं होतं आणि मला भीती वाटायला हवी होती, पण वाटत होता तो आनंद. कारण डॉक्टरणीनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं, एकदम थांबवू नकोस. मी गेलो आणि एक प्यायलो. औषध म्हणून.

लोकांना वाटतं पिणारा माणूस बाटलीसाठी बारमध्ये जातो. आलेगोवालीच्या बारमध्ये आम्ही टेबलासाठी जातो. ती आलेगोची आहे म्हणून आलेगोवाली, तिचं खरं नाव तिच्या नवऱ्यालाही विचारून आठवावं लागायचं. तिनं कोपऱ्यातलं टेबल आम्हाला दिलंय आणि आम्ही कोण आहोत हे ती आम्हाला कधीही सांगत नाही. एकच नियम आहे तिचा: प्रत्येकापुढे बाटली उभी पाहिजे. चार पुरुष, चार बाटल्या, टीव्हीवर फुटबॉल, म्हणजे चार मित्र. चार पुरुष आणि सोडा म्हणजे काय? रादिंग मास्तरनं एकदा हे करून बघितलं होतं. मास्तर आमच्यातला धार्मिक, प्राथमिक शाळेत शिकवतो. इस्टरच्या आधीच्या उपवासात त्यानं सगळ्यांना संत्र्याचा सोडा प्यायला लावला. तिसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरून एकानं विचारलं, "काय रे, पीत नाही, बाया आणत नाही, मग रोज रोज इथे एकमेकांचं काय बघायला बसता?" पाचव्या दिवशी दोन पोलीस येऊन बसले. सहाव्या दिवशी आलेगोवालीनं स्वतःच्या हातानं चार बिअर फोडून आमच्यापुढे आपटल्या आणि म्हणाली, "देवाला सांगा मी पाजली." बाटली हा आमचा पडदा आहे. आणि टेबलाबाहेरही. एकोणिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा एका पुरुषाचा हात धरला तो बोटीवरचा कामगार होता, आम्ही दोघं इतके प्यायलो होतो की सकाळी एकमेकांना म्हणू शकलो, आठवत नाही. हे फार सभ्य वाक्य आहे. आमच्यात ते नमस्कारासारखं वापरतात. नऊ वर्षांत मी आणि माकोखा एकदाही कोरडे असताना एकमेकांच्या अंगाला लागलेलो नाही. आधी पडदा, मग दिवा मालवायचा, मग सकाळी आठवत नाही. आता चेबेटबाईला हे कपाटात कुठल्या खणात ठेवायचं?

त्याच शुक्रवारी संध्याकाळी माकोखा टेबलावर आला. तो टुकटुक, म्हणजे तीनचाकी रिक्षा चालवतो, तिच्या मागे त्यानं रंगवून घेतलंय, 'घाई असेल तर काल यायचं.' रंग माझा. तो सकाळी उठल्यावर अर्धी बाटली घरची, म्हणजे हातभट्टीची, पितो, चहासारखी, मग दिवसभर गाडीत पेट्रोलच्या हिशेबानं आणि संध्याकाळी टेबलावर सुरुवात करतो. मी टीव्हीकडे बघून म्हणालो, "चेबेटकडे गेलो होतो. लिव्हर गेलंय म्हणते."

"कुणाचं?"

"तुझ्या आजोबांचं. माझं रे."

तो वळला आणि त्यानं माझ्याकडे बघितलं. तीन सेकंद झाले, चार झाले, मी मनात मोजत होतो, नऊपर्यंत गेलो. "अरे, तू तर पिकलायस," तो म्हणाला. मग खालच्या आवाजात, "काय करायचं म्हणाली?"

"सोडायची म्हणाली."

एवढंच मी सांगितलं. 'हळूहळू' हा शब्द मी माझ्यासाठी ठेवला. तेव्हा मला तो चोरल्यासारखा वाटला नाही. मला वाटलं, हे माझं प्रिस्क्रिप्शन आहे, याला काय त्याचं. आणि खरं सांगायचं तर मला भीती होती, 'हळूहळू' ऐकलं तर माकोखा माझी मोजायला बसेल.

माकोखानं समोरची बाटली उचलली, उजेडात धरली, जिच्यात अजून अर्धी होती ती, आणि खाली जमिनीवर ओतली. "सोडायची तर एका दमात," तो म्हणाला. "मी तुझ्याबरोबर. माझा आजा एका दमात सोळा वर्षांची तंबाखू सोडून गेला."

"गेला कुठे?"

"मेला. पण तंबाखूनं नाही."

आलेगोवाली पुसायला फडकं घेऊन आली. "ही तुमच्या बापाची जमीन आहे का रे, पाणी घालताय ती?" माकोखानं तिला कानात सांगितलं. ती आत जाऊन दोन रिकाम्या बिअरच्या बाटल्यांत कोरा थंड चहा भरून घेऊन आली. रंग इतका बरोबर जुळला होता की मला तिचा हेवा वाटला. पडदा राहिला. आम्ही दोघं चहा प्यायलो. मास्तर म्हणाला, "देव तुमचं भलं करो," आणि आमच्या वाटची बिअरही त्यानंच संपवली.

त्या रात्री माकोखा माझ्या खोलीवर आला. पहिल्यांदाच त्यानं दिवा चालू ठेवला. पलंगाच्या कडेला बसला, हात माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि तो हात कापत होता. मला गहिवरून आलं. मला वाटलं, नऊ वर्षांनी हा माणूस शुद्धीत माझ्याजवळ बसलाय, लाजतोय, नव्या नवरीसारखा थरथरतोय. मी त्या हातावर माझा हात ठेवला. माझा कापत नव्हता, कारण तो पाय धुवायला गेला तेव्हा मी पलंगाखाली रंगाच्या डब्यात लपवलेल्या घरचीचे दोन घोट घेतले होते, डॉक्टरच्या सल्ल्यानं. "तुझा हात कसा स्थिर," तो म्हणाला. "तू खरा मर्द." ते मी ऐकून घेतलं. तो बोलत राहिला. बुंगोमाकडच्या आईबद्दल, एका वासराबद्दल, पहिल्यांदा मला दुकानात बघितलं तेव्हा मी एका बाईशी पांढऱ्यावरून कसा भांडत होतो त्याबद्दल. नऊ वर्षांत जे 'आठवत नाही' म्हणत होता ते त्याला एकेक तारखेनिशी आठवत होतं. मला लाज वाटत होती, पण ती दोन घोटांखाली होती, तळाशी, वरून नीट दिसत नव्हती.

शनिवारी त्याला घाम सुटला. उगाली, मक्याच्या पिठाचा तो घट्ट गोळा, आणि मासा समोर ठेवला तर त्याचा वास नको म्हणाला. मी म्हणालो मलेरिया असेल. हे मी खरंच मानत होतो की मानायचं ठरवलं होतं, हे आता सांगता येत नाही. चेबेटचं वाक्य माझ्या डोक्यात होतं, पूर्ण, शब्दन् शब्द, पण ते माझ्या नावानं होतं, सॅमसनच्या नावानं, बिशपचं त्यात काही नव्हतं. शनिवारची रात्र तो झोपला नाही. पहाटे म्हणाला, "ओग्वेनो, भिंतीवर मुंग्या चढतायत बघ."

"मुंग्या नाहीत. रंग आहे तो. खडबडीत मारलाय."

"तू मारलास ना? मग चढत असतील." आणि हसला. दात वाजत होते. मी म्हणालो, उद्या सोमवार आहे, उद्या चेबेटकडे जाऊ दोघं. मग तो म्हणाला, "आज रविवार आहे, मॅच आहे, टेबलावर गेलो नाही तर लोक म्हणतील दोघं खोलीत काय करतात." तेव्हा आम्ही गेलो.

दुपारी तीनला मॅच सुरू झाली. बार गच्च. आलेगोवालीनं चहाच्या बाटल्या आणून ठेवल्या. माझ्या चहात मी घरून आणलेलं थोडं घातलं, टेबलाखाली, हळूहळूच. लाल शर्टवाल्यांनी गोल केला आणि सगळा बार उठून उभा राहिला, फक्त माकोखा बसून राहिला, मग वाकडा झाला, मग खुर्चीसकट खाली. टाचा फरशीवर वाजत होत्या. आजूबाजूच्यांना वाटलं गोलामुळे. दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली बसलो, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि वर बघून ते परत खाली ठेवलं, कारण शेजारचं टेबल बघत होतं. आलेगोवाली धावत आली. तिच्या बापाला असं व्हायचं, आणि तिला एकच उपाय माहीत होता. तिनं पाव ग्लास घरची आणली आणि त्याच्या दातांवर ओतली. अर्धी नाकात गेली, उरलेली शर्टावर. एका मिनिटानं तो थांबला, डोळे उघडले, म्हणाला, "कोण जिंकलं?"

मास्तरनं टुकटुक काढली. मास्तरला चालवता येत नाही, पण दुसरं कुणी पुढे झालं नाही. दोन कोंबड्या आणि एक मक्याची टोपली पार करून आम्ही सरकारी दवाखान्याच्या गेटाशी पोचलो, कारण हिरवं गेट रविवारी बंद असतं. मास्तर म्हणाला, "माझ्या शाळेतल्या चार पोरांचे बाप इथे नोकरीला आहेत, मी आत येत नाही." आणि टुकटुक तशीच सोडून चालत गेला, मान खाली घालून. माकोखा माझ्या खांद्यावर टेकून चालत होता, भिजलेला, घरचीचा वास मारत, शांत. खिडकीमागे एक कारकून जांभई देत होता.

"नाव?"

आयुष्यभर अशा खिडक्यांवर मी खोटं नाव सांगत आलोय. लॉजवर, हिरव्या गेटच्या घरात, दोनदा पोलीस चौकीत. त्या क्षणी मला वाटलं, पुरे. आज या माणसासाठी तरी खरं बोलायचं. मी छाती काढून म्हणालो, "ओग्वेनो." मग वय, गाव, सगळं खरं. कारकून लिहीत गेला. तो पेशंटचं नाव विचारत होता.

"काय होतंय?"

"फिट आली. वीस मिनिटं झाली."

त्यानं मान वर करून माझ्या डोळ्यांत बघितलं, मग नाक जरा पुढे केलं. "दिसतंच आहे. आणि हा तुझा कोण?"

आमच्या दोघांच्या नावांवरून आंधळ्यालाही कळतं की आम्ही एका जमातीचे नाही, भाऊ म्हणून खपणार नाही. मी म्हणालो, "शेजारी."

"शेजाऱ्यानं बाहेर बाकावर बसायचं." तेवढ्यात नर्स आली, लठ्ठ, घाईत, चपला फटफटवत. माझ्या हाताला धरलं. मी म्हणालो, "सिस्टर, आजारी तो आहे. मी नाही."

"सगळे असंच म्हणतात, बाबा. चल."

"खरंच सांगतो. त्यानं दोन दिवस थेंब घेतलेला नाही. म्हणून फिट आली."

नर्सनं माकोखाच्या शर्टाचा वास घेतला, मग माझ्या तोंडाचा, मग कारकुनाकडे बघितलं. दोघं छान हसले, रविवारची करमणूक. "दोन दिवस थेंब नाही. तुला काय माहीत? तू त्याच्या घरात राहतोस? रात्रंदिवस बरोबर असतोस?"

आता इथे एकच शब्द हवा होता. तो शब्द मोठा नव्हता. मागे रांगेत एक बाई, तिचं पोर, दोन म्हातारे, सगळे ऐकत होते. तीन सेकंद झाले, चार झाले. "नाही," मी म्हणालो.

माकोखा बाकावर बसला होता. टोपी काढून मांडीवर घेतली होती त्यानं. "जा रे," तो म्हणाला. "मी आहे इथे. शेजारीच आहे ना मी." हे तो टोमणा म्हणून म्हणाला, आणि टोमणा मारताना तो नेहमी बरा दिसायचा. म्हणून मी गेलो.

आत पलंग होता, त्यावर धुतलेली चादर होती. मला आडवं केलं, हातात सुई घातली, वर बाटली टांगली, तिच्यातलं पाणी थेंबाथेंबानं उतरत होतं. मी ठरवलं, पाच मिनिटांत डॉक्टर येईल, त्याला सांगायचं. सगळं सांगायचं, हिरवं गेट, बिशप, हळूहळू. वाक्यं तयार केली. खिडकीतून तळ्याचा वारा येत होता. एका परक्या बाईनं माझ्या कपाळावर हात ठेवला आणि तो हात सगळ्यांसमोर, दिवसाउजेडी, काही न विचारता तिथे राहिला. मला झोप लागली.

जाग आली तेव्हा ऊन भिंतीवर तिरकं झालं होतं. साडेपाच वाजले होते. डॉक्टर आला नव्हता. मी सुई उपटली आणि बाहेर आलो. बाकावर कुणी नव्हतं. वॉचमन म्हणाला, तुझा शेजारी पिऊन खाली पडला, हातपाय झाडत होता, लोकांना त्रास, दारुड्यांना आवारात ठेवायचा हुकूम नाही, म्हणून त्यानं आणि माळ्यानं त्याला उचलून गेटबाहेर झाडाखाली नेऊन ठेवला. नीट ठेवला, म्हणाला. त्यांनी त्याला उताणं झोपवलं होतं आणि डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून तोंडावर त्याचीच टोपी ठेवली होती. टोपीखाली त्याला उलटी झाली होती, आणि श्वास तिथेच अडकून थांबला होता.